ब्रह्मांडकथांच्या दारात : एका उशिरा आलेल्या वाचकाचे टिपण

अमेरिकन कॉमिक्सविषयी या पृष्ठांवर लिहिण्यास बसताना संकोच वाटतो, हे आरंभीच सांगून टाकतो. संतवाङ्मय, संगीत नाटक, जुन्या दप्तरांतील मोडी कागद अशा विषयांची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हा विषय पोरखेळाचा वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता, आणि नुसता वाटत नव्हता, तर त्या मताची मी एकदा अंमलबजावणीही केली होती. 1987 साली मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर असताना त्याने जमवलेला वेताळ आणि मँड्रेकच्या अंकांचा गठ्ठा मी अटालेवाल्याला (इतरत्र ज्याला रद्दीवाला म्हणतात) किलोच्या भावाने देऊन टाकला. चांदोबा आणि अमर चित्रकथा तेवढ्या कपाटात राहू दिल्या. त्यांना संस्कारांचे प्रमाणपत्र होते. मुलगा त्या वेळी काही बोलला नाही. गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा जाताना तीन जाडजूड इंग्रजी पुस्तके माझ्या टेबलावर ठेवून गेला. एवढेच म्हणाला, "बाबा, वाचून बघा. नाही आवडली तर अटालेवाला आहेच."

ही पुस्तके ज्या प्रकारची होती त्याला तिकडे 'कॉस्मिक' म्हणतात. म्हणजे चोर-दरोडेखोरांना पकडणाऱ्या सुपरहीरोंच्या कथा नव्हेत, तर ग्रह गिळणारे, तारे विझवणारे, प्रत्यक्ष मृत्यूशी सलगी करणारे असे ज्यांचे नायक आणि खलनायक, त्या कथा. ब्रह्मांड हीच त्यांची रंगभूमी. त्या वाचून माझे मत बदलले की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानी आली आणि तीच येथे मांडायची आहे. या कथांचे बळ त्यांच्या ब्रह्मांडात नाही. त्या ब्रह्मांडात कुठेतरी एक लहानशी खोली असते, तिच्यात आहे. खोली हरवली की उरतात ते फक्त आकडे.

नव्या वाचकाची पहिली अडचण ही की, या कथांना दार सापडत नाही. ज्या गॅलॅक्टसकथेची एवढी ख्याती, ती 'फँटॅस्टिक फोर' या मासिकाच्या 48, 49 आणि 50 या अंकांत, 1966 च्या मार्च ते मे या महिन्यांत आली. मी मोठ्या उत्सुकतेने 48 वा अंक उघडला, तो पहिली काही पाने वेगळीच कथा चालू! कुणी 'इनह्यूमन्स' नावाचे लोक एका अभेद्य कवचाआड कोंडले जातात आणि त्यांचा निरोप घेऊन नायकमंडळी न्यूयॉर्कला परततात. गॅलॅक्टसचा विषय निघतो तो त्यानंतर. शेवटीही हाच प्रकार. 50 व्या अंकात पृथ्वी वाचते, आणि अंकाची पाने उरलेली असल्यामुळे चौघांपैकी धाकटा जॉनी कॉलेजात नाव घालायला जातो. मध्येच चौकटीच्या तळाशी संपादकांची तळटीप असते की, हा प्रसंग कळण्यासाठी अमुक क्रमांकाचा अंक पाहावा. ज्याचे आयुष्य सरकारी फायलींत गेले त्याला हा अनुभव अगदी परिचयाचा. नव्या टेबलावर बदली होऊन जावे, पहिलीच फाईल उघडावी, तर तिच्यावर मागील पत्रव्यवहाराचे संदर्भ आणि ते कागद तिसऱ्याच कपाटात. तेव्हा उपाय एकच असतो. कागद समोर आहे तेथून वाचू लागायचे. मागचे हळूहळू उलगडते. देवळात पुराण चालू असताना उशिरा जाऊन बसणारे तरी काय करतात? कुणी त्यांच्यासाठी आदिपर्वापासून सुरुवात करीत नाही, आणि त्यांनाही त्यावाचून काही अडत नाही. या कथा तशाच ऐकाव्यात, हे कळायला मला दोन रात्री लागल्या.

आता मूळ कथा. आकाशात आधी ज्वाळा पसरतात, मग दगडधोंड्यांचा थर दिसू लागतो. लोक घाबरतात, पण ही आपत्ती नसून आडोसा आहे. 'वॉचर' नावाचा एक अतिप्राचीन साक्षी, ज्याने केवळ पाहायचे आणि हस्तक्षेप करायचा नाही अशी शपथ घेतली आहे, तो ती शपथ मोडून पृथ्वीला दडवू पाहत असतो. कुणापासून? तर सिल्व्हर सर्फरपासून. रुपेरी अंगाचा हा दूत एका फळीवर उभा राहून अंतराळातून विहरतो आणि आपल्या धन्यासाठी योग्य ग्रह हेरून देतो. धनी म्हणजे गॅलॅक्टस. त्याचे अन्न म्हणजे ग्रहांची जीवनशक्ती. आडोशाचा उपयोग होत नाही. दूत उतरतो, वर्दी देतो आणि धनी येतो.

पहिल्या वाचनात मला हसू आले, हे लपवीत नाही. विश्वभक्षकाच्या डोक्यावर शिंगांसारखी भलीमोठी टोपी, आणि एके ठिकाणी छातीवर स्वतःच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर! त्याचा दूत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पोरांसारखा लाटांवर घसरण्याच्या फळीवर उभा. चित्रकार जॅक कर्बी यांना त्या वर्षांत त्या खेळाचे वारे लागलेल्या अमेरिकेतच हे सुचू शकले असते. पण पाने उलटत गेलो तसे हसू ओसरले. कारण या खलनायकात खलत्व नाही. त्याला पृथ्वीचा राग नाही, लोभ नाही, तिच्यावर राज्यही करायचे नाही. त्याला भूक लागली आहे. मुंगीच्या वारुळावरून चालणाऱ्या माणसाच्या मनात मुंग्यांविषयी जेवढा वैरभाव असतो तेवढाच त्याच्या मनात आपल्याविषयी. अशा शत्रूशी लढायचे कसे? त्याला लाज वाटावी असे काही सांगताही येत नाही. चौघे नायक आपापल्या शक्तींनिशी धडका देतात आणि तो डास झटकावेत तसे त्यांना झटकून आपली यंत्रे जोडत राहतो. मधल्या अंकात 'पनिशर' नावाच्या यांत्रिक हस्तकाशी जी मारामारी आहे ती पाने भरण्यासाठी आहे. ती वगळली असती तर कथेचे काही बिघडले नसते.

कथा वळते ती दुसरीकडे. नायकांपैकी बेन, जो दगडी अंगाचा 'थिंग' आहे, तो सर्फरला इमारतीच्या गच्चीवरून ठोसा मारून फेकतो, आणि तो दूत जाऊन पडतो ॲलिशिया मास्टर्स या तरुणीच्या घरात. ॲलिशिया बेनची प्रेयसी, मूर्तिकार आणि अंध. ती या अनोळखी इसमाला उठवते, बसवते, त्याच्याशी बोलते आणि आपल्या घरी आलेल्या कुणाहीपुढे ठेवावे तसे खायचे जिन्नस त्याच्यापुढे ठेवते. सर्फरला हा प्रकार उमगत नाही. तो ते खात नाही. तो त्यांचे सरळ ऊर्जेत रूपांतर करून टाकतो.

या एका प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबलो. एकीकडे धनी पृथ्वी खाण्याच्या तयारीत आहे, दुसरीकडे त्याच पृथ्वीवरील एक बाई त्याच्या दूताला खायला घालते आहे. दोन्हीकडे क्रिया एकच, खाण्याची. पण एका ठिकाणी अन्न म्हणजे केवळ शक्तीचा साठा, आणि दुसऱ्या ठिकाणी ते आतिथ्य. दूताला पहिला अर्थ ठाऊक, दुसरा ठाऊक नाही. ॲलिशिया त्याच्याशी युक्तिवाद करते, रागावते, विनवते. पण माझ्या मते त्याचे मन पालटण्याची सुरुवात त्या ताटापासूनच झाली आहे. स्टॅन ली यांच्या संवादांत हे कोठेही शब्दांनी सांगितलेले नाही. इतरत्र चित्रात जे धडधडीत दिसते तेही फुग्यात लिहून ठेवण्याची त्यांना खोड आहे, त्यामुळे येथील मौन अधिकच जाणवते.

दुसरी गोष्ट ॲलिशियाच्या अंधत्वाची. ही संपूर्ण कथा डोळ्यांसाठी रचलेली आहे. कर्बी यांची पाने म्हणजे पेटलेले आकाश, माणसाला ठेंगणे करणारी अगडबंब यंत्रे, आणि अवकाशातील ऊर्जा दाखवण्यासाठी काळ्या ठिपक्यांचे ते घोळके, ज्यांना अभ्यासक आज 'कर्बी क्रॅकल' या नावाने ओळखतात. जो सिनॉट यांच्या शाईकामाने त्याला धातूसारखी झळाळी आली आहे. आणि अशा कथेत निर्णायक भेट होते ती यांपैकी काहीच न दिसणाऱ्या एका स्त्रीशी! सर्फर किती तेजस्वी, किती परका, किती भयंकर आहे हे तिला दिसत नाही. म्हणून ती घाबरत नाही आणि त्याच्याशी माणसासारखी बोलू शकते. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून झाल्यावर अर्जुन तेच रूप आवरण्याची विनवणी करतो आणि ओळखीचे रूप परत मागतो, याची येथे आठवण झाली. यशोदेलाही कृष्णाच्या मुखात ब्रह्मांड दिसले, पण ते विसरल्यावरच तिला त्याला मांडीवर घेता आले. अफाटाशी नाते जोडायचे तर माणसाला आधी त्याच्याकडे पाठ फिरवावी लागते. ॲलिशियाला ती सोय दुर्दैवाने आयतीच मिळालेली आहे. हे साम्य मी ओढून आणलेले आहे असे कुणी म्हटल्यास वाद घालणार नाही. जो ज्या शाळेत शिकला त्या शाळेची उदाहरणे तो देणार.

शेवटाविषयी मात्र माझी तक्रार आहे. सर्फर धन्यावर उलटतो, लढाई होते आणि तेवढ्यात जॉनी गॅलॅक्टसच्याच ठिकाणाहून 'अल्टिमेट नलिफायर' नावाचे एक छोटेसे यंत्र घेऊन येतो. रीड ते हातात धरून धमकी देतो, गॅलॅक्टस माघार घेतो. हातात मावणाऱ्या वस्तूने विश्वभक्षक नमावा, ही आपल्याकडील नाटकांत ऐन वेळी सापडणाऱ्या मृत्युपत्राच्या जातीची युक्ती झाली. मात्र हे 1966 साल होते, क्युबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगाला जेमतेम साडेतीन वर्षे लोटली होती. एकाने कळ दाबली की दोघांचाही नाश, या भयावर जगाची शांतता तोललेली असताना त्या वेळच्या वाचकाला ती वस्तू खेळणे वाटली नसेल. जाता जाता गॅलॅक्टस सर्फरला पृथ्वीच्या बाहेर पडता येणार नाही अशी शिक्षा देऊन जातो. आणि बेन? ॲलिशिया सर्फरशी आपुलकीने बोलताना पाहून त्याचा गैरसमज होतो आणि तो एकटाच खिन्न होऊन निघून जातो. पृथ्वी नुकतीच वाचलेली असते, पण त्याला त्याचे काही नाही. कथेचा हा शेवट मला यंत्राच्या शेवटापेक्षा कितीतरी खरा वाटला.

सर्फरच्या जन्माची हकीकत आता सर्वश्रुत आहे. त्या काळी या प्रकाशनगृहात आधी कथेची रूपरेषा ठरे, मग चित्रकार ती पानापानांत उलगडून रेखाटी आणि शेवटी लेखक संवाद भरी. कर्बी यांची पाने हाती आली तेव्हा त्यांत फळीवर उभा असलेला हा कोण, असा प्रश्न ली यांना पडला. रूपरेषेत तो नव्हताच. एवढ्या थोर व्यक्तीला आगेमागे दूत नको का, असा कर्बी यांचा हिशेब होता. पुढे श्रेय कुणाचे, यावर दोघांत आयुष्यभराचा दुरावा आला. कर्बी 1994 मध्ये वारले, ली 2018 मध्ये. कर्बी यांच्या वारसांशी प्रकाशनगृहाची तडजोड झाली ती 2014 मध्ये, कर्बी यांच्या पश्चात वीस वर्षांनी. टिपणी एकाने लिहायची, सही दुसऱ्याने करायची आणि आदेश सही करणाऱ्याच्या नावाने ओळखला जायचा, ही रीत आमच्या कचेऱ्यांतही होती. मी दोन्ही खुर्च्यांवर बसलो आहे. म्हणून एवढेच म्हणतो की ॲलिशियाच्या खोलीतील बोलणे ली यांचे आहे, पण ती खोली कर्बी यांनी बांधली.

1968 मध्ये सर्फरचे स्वतंत्र मासिक निघाले, त्याची चित्रे जॉन ब्यूसेमा यांची. त्यात ली यांनी त्याला पूर्वजन्म दिला. तो झेन-ला ग्रहावरील नॉरिन राड हा तरुण. आपला ग्रह वाचावा म्हणून त्याने स्वतःला गॅलॅक्टसच्या सेवेत वाहून घेतले आणि प्रिया शाला-बाल हिला मुकला. चित्रे अतिशय देखणी आहेत, पण सर्फर पानोपानी माणसाच्या क्रौर्याबद्दल विलाप करीत बसतो, आणि तेही आकाशात एकटाच. ऐकायला समोर कुणी नसले की शोकाचे भाषण होते. अठरा अंकांनंतर 1970 मध्ये ते मासिक बंद पडले, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

त्याच वर्षी कर्बी जुन्या संस्थेतून बाहेर पडून प्रतिस्पर्धी प्रकाशनाकडे गेले आणि 1971 मध्ये त्यांनी 'न्यू गॉड्स' आरंभिली. लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच. दोन जग आहेत, उजेडाचे न्यू जेनेसिस आणि धगधगत्या भट्ट्यांचे अपोकोलिप्स. दुसऱ्याचा स्वामी डार्कसाइड एका अशा सूत्राच्या शोधात असतो, ज्याने सर्व सजीवांची स्वतंत्र इच्छाच नाहीशी करता येईल. कर्बी हे न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत वाढलेले, ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. 1944 मध्ये फ्रान्समध्ये सैनिक म्हणून लढले आणि गोठलेले पाय घेऊन परतले. डार्कसाइड त्यांना कोठे भेटला हे वेगळे सांगावयास नको. कर्बी यांचे संवाद मात्र ओबडधोबड, प्रत्येक वाक्य घोषणेसारखे. ली यांची अतिबोलकी लेखणी मला आधी खटकली होती. येथे तिची उणीव भासली, हेही कबूल करतो.

या मालिकेच्या सातव्या अंकात युद्ध थांबवण्यासाठी दोन्ही सत्ताधीश आपापल्या मुलांची अदलाबदल करतात. डार्कसाइडचा पुत्र ओरायन सज्जनांत वाढतो आणि पुढे बापाविरुद्ध उभा राहतो. सज्जनांच्या प्रमुखाचा, हायफादरचा, पुत्र अपोकोलिप्सच्या अनाथालयात छळ सोसत मोठा होतो. आपल्याला प्रल्हाद आठवतो, पण प्रल्हादाच्या अंगी बापाचा अंश दिसत नाही. ओरायनच्या दिसतो. त्याचा खरा चेहरा उग्र, बापाच्या वळणाचा आहे आणि तो तो सतत झाकून ठेवतो. एका पोराला करारापायी शत्रूच्या दारात सोडणारा हायफादर आपल्या शुभ्र दाढीसह किती पुण्यवान राहतो, हा प्रश्न कर्बी विचारतात आणि उत्तर न देता पुढे जातात. अकरा अंकांनंतर 1972 मध्ये मालिकाच थांबवण्यात आली, त्यामुळे उत्तर राहूनच गेले.

आकडे कसे पोकळ ठरतात ते पाहायचे तर 1991 ची 'इन्फिनिटी गाँटलेट' ही सहा अंकांची मालिका घ्यावी. लेखक जिम स्टार्लिन, चित्रे आधी जॉर्ज पेरेझ आणि नंतर रॉन लिम यांची. 2018 च्या चित्रपटामुळे तिचे कथानक घरोघरी पोहोचले आहे. थॅनॉस चुटकी वाजवतो आणि विश्वातील निम्मे जीव नाहीसे होतात. चित्रपटात त्याला साधनसंपत्तीच्या तुटवड्याची सबब आहे. मूळ कथेत तो स्त्रीरूपी मृत्यूच्या प्रेमात पडला आहे आणि तिला नजराणा म्हणून हे करतो. मूळचे कारण अधिक वेडगळ आणि म्हणूनच अधिक भयानक. पण पहिल्याच अंकात निम्मे विश्व गेल्यावर माझ्या मनावर ओरखडाही उठला नाही. कुणाच्या घरातले कुणी गेले, ताट कुणाचे तसेच राहिले, हे जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते रांगेने उभे राहून लढणारे पोशाखी वीर, आणि ते मेले तरी परत येणार याची खात्री. ही मालिका सोसली ती तिच्या शेवटच्या पानांसाठी. सर्व गमावल्यावर थॅनॉस एका दूरच्या ग्रहावर शेतकरी होऊन राहतो. पुन्हा एक लहान जागा! लेखकाला तिची किंमत ठाऊक होती. कारण नऊ वर्षांपूर्वी त्यानेच 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' लिहिले आणि चितारले होते.

हे 1982 चे पुस्तक, त्या प्रकाशनाची पहिली ग्राफिक कादंबरी. मार-व्हेल हा परग्रहावरील योद्धा, शनीच्या टायटन या चंद्रावर राहणारा. पुस्तकाच्या आरंभी तो आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करीत असतो. थोड्याच पानांत कळते की त्याला कर्करोग झाला आहे. कारणही जुन्याच कागदांत सापडते. 1974 च्या एका अंकात, तोही स्टार्लिन यांचाच, नायट्रो नावाच्या शत्रूशी झुंजताना तो विषारी वायूच्या संपर्कात आला होता. तेव्हा ती महिन्याभराची बहादुरी होती. वाचक विसरले, लेखकही विसरला असावा. शरीर विसरले नाही. मनगटांवरील ज्या कड्यांनी आजवर त्याला बळ दिले आणि रोग थोपवून धरला, तीच आता उपचारांच्या आड येतात.

मग सर्वजण जमतात. पृथ्वीवरचे झाडून सारे सुपरहीरो त्या चंद्रावर येतात, आणि करण्यासारखे काहीच नसल्यामुळे अवघडून उभे राहतात. त्याचा तरुण मित्र रिक आधी संतापतो, भेटायचे टाळतो आणि मागाहून परततो. एवढ्या बुद्धिमान लोकांनी आजवर शस्त्रेच का बनवली, या रोगाकडे का पाहिले नाही, हा प्रश्नही निघतो. स्पायडरमॅनला त्या खोलीत उभे राहवत नाही, तो बाहेर निघून जातो. आणि ज्यांच्याशी मार-व्हेल जन्मभर लढला त्या स्क्रल लोकांचा सेनापती येऊन त्याला शौर्यपदक देतो. मला त्या पदकाचा प्रसंग फार आवडला. मित्रांना जे शब्द सापडत नाहीत ते शत्रूकडे शिष्टाचाराच्या रूपाने तयार असतात.

माझे थोरले बंधू याच दुखण्याने गेले. शेवटचे अकरा दिवस मी रुग्णालयात होतो. भेटायला येणारे क्रिकेट, पाऊस, पोटनिवडणूक यांविषयी बोलत. एक गृहस्थ तर दारापर्यंत येऊन, फळांची पिशवी माझ्या हाती देऊन, जिन्यावरूनच परत गेले. त्यांचा मला वर्षानुवर्षे राग होता. पोशाख घातलेला स्पायडरमॅन दाराबाहेर जाताना पाहिला आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना. अंगी कोळ्याची शक्ती असलेल्याची ही गत, तर त्या गृहस्थांची काय कथा! बंधूंविषयी आजवर जे लिहिले गेले नाही ते एका चित्रपुस्तकाच्या निमित्ताने लिहितो आहे, हे माझे मलाच चमत्कारिक वाटते.

पुस्तकाच्या शेवटच्या पानांविषयी मुलाचे आणि माझे मतभेद आहेत. मार-व्हेल बेशुद्ध होतो आणि त्या अवस्थेत त्याच्यापुढे थॅनॉस उभा राहतो, जो त्यापूर्वीच संपलेला आहे. दोघांची मारामारी होते. मग झुंज थांबते, स्त्रीरूपी मृत्यू येऊन त्याचे चुंबन घेते आणि खोलीत कुणीतरी सांगते की तो गेला. माझे म्हणणे, ही मारामारी नको होती. इतका वेळ संयम पाळून लेखकाने ऐन शेवटी गिऱ्हाइकाला नेहमीचा माल दिला. खोलीतले मुके लोक, यंत्रांचे आवाज आणि मंदावणारा श्वास एवढ्यावर पुस्तक संपते तर ते कोणत्याही भाषेतील चांगल्या कथेशेजारी ठेवता आले असते.

मी हे दूरध्वनीवर सांगितले तेव्हा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही काकांच्या पलंगाच्या या बाजूला बसला होता. त्या बाजूला काय चालले होते, ते तुम्हाला कुठे दिसले?" तेव्हापासून ती चार-सहा पाने मी तीनदा पाहिली आहेत. मारामारी अजूनही मला लांबलेलीच वाटते.